मस्टरवरचे अकरा वीस

हजेरीचं मस्टर पुढं ओढलं की सर पेनाचं टोपण दातांत धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि खोलीतल्या सगळ्यांना मिळून विचारायचे, "खरे किती वाजले?"

'खरे'वर जोर असायचा. आमच्यातलं कुणीतरी घड्याळाकडं न बघताच म्हणायचं, "दहा वीस." ते मान हलवायचे, स्वतः घड्याळ बघायचे आणि सहीशेजारी लिहायचे, अकरा वीस. वर आमच्या सात सह्या, सातही जणांचे दहा वीस. खाली त्यांचे अकरा वीस. गंमत अशी की आम्ही आठही जण एकाच गाडीच्या एकाच डब्यातून उतरून, एकाच पायवाटेनं, एकमेकांच्या मागं चालत आलेलो असायचो.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडं रीत आहे. मला ती जमणार नाही. गोड लिहायचं तर मला स्वतःला या हकिकतीतून काढून टाकावं लागेल.

आमचं हायस्कूल परभणीहून गंगाखेडकडं जाणाऱ्या लाइनीवरच्या एका गावात. ते गणित शिकवायचे, मी भूगोल. स्टेशन म्हणजे एक खोली, एक लिंबाचं झाड आणि नळाला पाणी नसलेली एक टाकी. तिथून शाळा पंधरा मिनिटं, काळ्या रानातून. पाऊस झाला की चपला हातात घेऊन चालायचं. एसटी दिवसातून दोनदा, एक भल्या पहाटे आणि एक दुपारी. म्हणून हेडसरांसकट आम्ही सगळे परभणीहून पॅसेंजरनं अपडाऊन करायचो. आमच्या स्टेशनात गाडीची वेळ दहा पाच. शाळा साडेदहाची. कागदावर सगळं झकास जुळत होतं.

गाडी यायची अकरा पाचला. लाइन एकेरी, समोरून एक्स्प्रेस आली की आमची गाडी बाजूला उभी. कोळशाची मालगाडी आली तरी आमचीच उभी. कोळसा वेळेवर पोचला पाहिजे, मास्तर नाही पोचला तरी चालतं.

शाळेनंही ते चालवून घेतलं होतं. शिपाई गावातलाच होता. तो साडेदहाला घंटा द्यायचा, पोरं प्रार्थना म्हणायची, वर्गात बसायची आणि आपली आपण शुद्धलेखन लिहायची. गाडीचा हॉर्न ऐकू आला की वह्या मिटायच्या. या पहिल्या तासाला पोरंच काय, सगळं गाव 'गाडीचा तास' म्हणायचं. वेळापत्रकात मात्र त्या तासाला दहावीचं गणित होतं. गणित सकाळी, डोकं ताजं असताना शिकवावं म्हणून सरांनीच तो तास मागून घेतला होता. रेल्वेच्या छापील वेळेवर विश्वास ठेवणारा मी पाहिलेला तो शेवटचा माणूस.

फार प्रेमळ वगैरे होते असं समजू नका. माणूस तसा कटकट्या. भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बाईचा हिशेब ते भर डब्यात दुरुस्त करायचे. आमचा चहा घ्यायचे नाहीत, कारण मग परत पाजावा लागतो. कुणी विनोद सांगितला तर शेवटी विचारायचे, "मंग पुढं काय झालं?" आम्ही त्यांना मागं 'राइट टाइम' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मोटारसायकल त्यांना येत नव्हती. आम्हाला येत होती. वरून तपासणी येणार असली की आम्ही पाचसहा जण मोटारसायकली काढायचो आणि सव्वादहाला शाळेत हजर असायचो. त्या दिवशी मी त्यांना मागं बसवून न्यायचो. एकदा वाटेत माझ्या कानाशी तोंड आणून ते म्हणाले, "सर, म्हंजे टायमावर येता येतं की आपल्याला."

"येतं की."

"मंग रोज कामून न्हाई येत?"

मी म्हणालो, पेट्रोल तुमी टाकता का? माझं उत्तर बिनतोड होतं. पण त्यानंतर तपासणीच्या दिवशी त्यांना मागं बसवायचा मला कंटाळा यायला लागला.

मग ते गावातच खोली घेऊन का राहिले नाहीत? त्यांचे वडील परभणीत, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. सकाळी त्यांना धुऊनपुसून, पेज भरवून, सांभाळणारी बाई आली की हे नऊला घर सोडायचे. डॉक्टर परभणीत, बाई परभणीत. त्यामुळं ते परभणीतच राहायचे आणि तसं उघड सांगायचे. शिक्षकानं शाळेच्या गावीच राहायचं असा नियम आहे. नोकरीच्या भाषेत त्याला मुख्यालयी राहणं म्हणतात. आम्ही सातही जण मुख्यालयी राहत असल्याचे दाखले मिळवून फायलीला लावून बसलो होतो. त्यांनी दाखला घेतला नव्हता. हेडसर दरवर्षी मागायचे आणि हे दरवर्षी म्हणायचे, "न्हाई राहत तर कसं लिहून देऊ?"

एका गुरुवारी गाडी चक्क वेळेवर आली. परभणीच्या फलाटावर आमच्यातले दोघं चहा पीत होते, ते तिथंच राहिले. सर मात्र सव्वानऊपासून उभे होते, रोजच्यासारखेच. दहा पाचला आम्ही उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता. पायवाटेनं ते जवळजवळ पळाले. मस्टरवर त्यांनी दहा वीस लिहिलं, दोनदा वाचलं, आणि खडू घेऊन दहावीत गेले. त्या दिवशी गाडीच्या तासाला गणित झालं. मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. सहा वर्षांत त्यांनी पाजलेला तो एकच चहा.

एरवी ते बुडालेला तास मधल्या सुट्टीत घ्यायचे. पोरांच्या एका हातात भाकरी, एका हातात पेन. त्यानं कितीसं भरून निघणार?

एका वर्षी दहावीच्या निकालात निम्मी पोरं गणितात गेली. आम्ही नेहमीचं बोललो, पोरांना गोडी नाही, आईबापाचं लक्ष नाही, मोबाइल आले. त्यांत एक हुशार पोरगी होती, भाषेत वर्गात पहिली, गणितात तीन मार्कांनी गेली. तिच्या बापानं पारावर चारचौघांत सांगून टाकलं की आता बास झालं शिक्षण, दसऱ्यापासून कापूस वेचायला येईल. सर त्याच्या घरी गेले. मलाही ओढून नेलं.

"पोरगी नापास झाली न्हाई," सर म्हणाले. "तिचा तासच झाला न्हाई. आमी नापास हाव. अजून एक साल द्या तिला."

बाप शांत माणूस होता. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "पुढल्या साली गाडी टायमावर येती का, गुरुजी?"

परतीच्या गाडीत सरांनी वहीच्या मागच्या पानावर वर्षभरातले बुडालेले तास मांडले. आकडा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "बगा, अर्ध्याच्या वर पुस्तक यात गेलंय." मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण माझा भूगोल दुसऱ्या तासाला होता आणि तोही अर्धाच व्हायचा.

त्या रात्रीपासून त्यांनी रेल्वेला अर्ज लिहायला घेतले. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. गाडी आमच्या स्टेशनात रोज तासभर उशिरा येते, त्यामुळं दहावीचा गणिताचा तास होत नाही, कृपया लक्ष द्यावं. सोबत तारीखवार तक्ता. तीन अर्जांनंतर उत्तर आलं : सदर गाडी नियमितपणे वेळेत धावत आहे.

आम्ही डब्यात ते मोठ्यानं वाचलं आणि खूप हसलो. त्यांनी ते परत घेतलं, घडी घातली आणि एका रविवारी गाडीत बसून थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आले. सोमवारी डोळे चमकत होते.

"सापडलं," म्हणाले. "शेवटच्या दोन टेशनांमदलं अंतर पंधरा मिन्टांचं. टाइमटेबलात त्याला सव्वा तास दिलाय. गाडी रस्ताभर लेट असती आन् शेवटी टायमावर पोचती. त्यांची हजेरी शेवटच्याच टेशनावर घेत्यात."

"म्हणजे ते खोटं बोलत नाहीत?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई. मधल्या टेशनांवर माणसं राहत्यात हे फक्त लिहीत न्हाईत."

त्यांनी नवा अर्ज केला. गाडी लवकर आणणं जमत नसेल तर निदान आमच्या स्टेशनातली खरी वेळ छापा, म्हणजे शाळेला दुसरी काही तजवीज मागता येईल. आणि या अर्जावर त्यांना आम्हा सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या.

इथं आमची पंचाईत झाली. गाडीला उशीर होतो असं लिहून द्यायचं तर मस्टरवरचे दहा वीस खोटे. आणि मुळात गाडीनं येतो असं लिहून द्यायचं तर मुख्यालयी राहत असल्याचे दाखले खोटे. हेडसर म्हणाले, "सर, तुमचं बरोबर हाय. पण हे हात दाखवून अवलक्षण झालं. लाइनीला लागलेलं चाललंय, चालू द्या." बाकीच्यांनी घसा साफ केला. अळीमिळी गुपचिळी. अर्जावर एकच सही गेली.

दीड महिन्यानं रेल्वेचे एक साहेब चौकशीला आले. जीपनं आले. बिचारे सज्जन होते, आल्याबरोबर पोरांची चौकशी केली, चहा घेतला, फाइल उघडली. ऑफिसात हेडसर, सर आणि मी. मी तिथं होतो कारण सरांनीच मला बोलावलं होतं. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत होतो, त्यांना साक्षीदार म्हणून माझंच नाव सुचलं.

"आपले शिक्षक या गाडीनं येतात का?" साहेबांनी विचारलं.

"छे छे," हेडसर म्हणाले. "आमचा सगळा स्टाफ मुख्यालयीच राहतो. दाखले आहेत. हे सर तेवढे जाऊन येऊन करतात."

साहेबांनी मस्टर मागितलं. पानं उलटत गेले. सगळीकडं दहा वीस, आणि खाली एकट्याचे अकरा वीस. मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"या गुरुवारी तर आपणही दहा वीस लिहिलंय."

"त्या दिवशी गाडी टायमावर होती, साहेब."

साहेब हसले. हेडसर हसले. मीही हसलो, हे मला चांगलं आठवतं.

सर हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "ह्ये रोज माझ्याबरोबर असत्यात. सर, तुमी सांगा. गाडी कितीला येती?"

माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. घराचं कर्ज होतं. हेडसर माझ्याकडं बघत नव्हते, टेबलावरच्या काचेखालच्या देवाच्या फोटोकडं बघत होते. ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली आहेत. त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. त्या क्षणी मी फक्त म्हणालो, "मला कल्पना नाही साहेब, मी गावातच राहतो."

तिसऱ्या तासाची घंटा झाली. "माझा तास हाय," एवढं म्हणून सर वर्गात गेले. वर्गातून त्यांचा आवाज येत राहिला, रोजच्यासारखाच, वर्तुळाची स्पर्शिका समजावून सांगणारा.

संध्याकाळी मी मुद्दाम दुसऱ्या डब्यात चढलो. तो गच्च भरला होता, म्हणून मुकाट्यानं आमच्या डब्यात आलो. त्यांनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. गाडी हलल्यावर म्हणाले, "पोरगी बारावीला हाय तुमची. समजतं मला." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांना आजही सुखानं विसरलो असतो.

पुढचं सगळं कागदोपत्री अगदी रीतसर झालं. चौकशीचा निष्कर्ष असा की गाडी वेळेवर असते. त्याला आधार शेवटच्या स्टेशनावरच्या नोंदींचा आणि आमच्या मस्टरचा. सात शिक्षक रोज दहा वीसला हजर, एकच इसम उशिरा, तेव्हा दोष त्या इसमाचा. त्याची एक नक्कल आमच्या खात्याकडं गेली. सतत उशीर आणि मुख्यालयी न राहणं, अशी दोन कलमं लागली. ज्या माणसानं वेळेसाठी जीव टाकला त्याच्या सेवापुस्तकात लिहिलं गेलं : वेळेचं भान नाही. लिहिणाऱ्यानं दहा वीस वाचले होते, गाडी बघितली नव्हती.

बदली झाली जिंतूरच्या पलीकडं, डोंगरातल्या एका गावात. तिथं लाइन नाही, एसटी येते ती मुक्कामी. त्यांनी वडिलांना टेम्पोत गादी टाकून नेलं. सांभाळणारी बाई काही तेवढ्या लांब आली नाही. आता ते खरोखरच मुख्यालयी राहायला लागले. आठ जणांतले ते एकटेच. वडील त्याच हिवाळ्यात गेले. दवाखाना लांब होता, असं कळलं. आम्ही भेटायला जायचं ठरवलं होतं, पण रविवारी सगळ्यांना जमेना.

निरोपसमारंभ आम्ही केला होता, बरं का. हेडसरांनी त्यांच्या काटेकोरपणावर भाषण केलं. टाळ्या वाजल्या. सरांनी उत्तर द्यायला उभं राहून एवढंच सांगितलं, "दहावीचं निम्मं पुस्तक राहिलंय, कुणीतरी घ्या." ते कुणी घेतलं नाही.

पुढच्या वर्षी नवीन वेळापत्रक आलं. आमच्या स्टेशनापुढं छापलं होतं, अकरा पाच. त्यांच्या अर्जामुळं छापलं की आपोआप, देव जाणे. हेडसरांनी ते नोटीस बोर्डाला लावलं आणि म्हणाले, "चला, गाडी टायमावर झाली एकदाची." खरंच झाली. आता ती रोज अकरा पाचला येते आणि कुणी तिला लेट म्हणू शकत नाही. शाळा साडेदहाचीच आहे. गाडीचा तास आता कधीतरी, एखाद्या गुरुवारीसुद्धा, होण्याची शक्यता उरली नाही. मस्टरवर आम्ही आठही जण दहा वीस लिहितो. त्यांच्या जागी आलेला तरुण शिक्षक दुसऱ्याच दिवशी शिकला.

ते मला शेवटचे भेटले परभणीच्या बसस्टँडवर, जिंतूरच्या फलाटापाशी. वाळले होते. शर्ट इस्त्रीचाच, पण गळ्याशी दोन बोटं सैल. त्यांनीच हाक मारली. माझ्या मुलीची विचारपूस केली, ती नोकरीला लागली म्हटल्यावर "लय चांगलं" म्हणाले. मग जरा जवळ सरकले.

"सर, गाडी टायमावर यायलीय म्हणं आता?"

"हो," मी म्हणालो. "रोज राइट टाइम." यात खोटं काहीच नव्हतं.

"म्हंजे साडेधाला तास व्हायलाय?"

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, मला माहीत नाही. खरं सांगायला माझ्यापुढं दुसऱ्यांदा संधी उभी होती. आणि या वेळी भ्यायचं काहीच कारण नव्हतं. ना साहेब, ना मस्टर.

"होतो की, सर."

"पहिल्या तासाला गणितच ठेवलंय ना?"

"गणितच."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. धरूनच ठेवला. डोळे भरून आले होते, चष्मा कपाळावर होता, त्यामुळं लपले नाहीत. "चला," म्हणाले, "माझं काय झालं ते होऊ द्या. पोरांचा तास तर सुरू झाला."

तेवढ्यात बस लागली. ते चढले, खिडकीशी बसले. शेजारी पांढऱ्या टोपीतला एक अनोळखी म्हातारा येऊन टेकला. बस वळेपर्यंत मी खाली उभा होतो. काचेतून दिसलं, सर त्या म्हाताऱ्याला बोटांच्या पेरांवर मोजून काहीतरी समजावून सांगत होते, बहुधा आठवड्याचे किती, महिन्याचे किती, वर्षाचे किती तास, आणि म्हातारा कौतुकानं मान हलवत होता. मी हात वर केला. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.